एक नंबरचं पातं

सूर नदीच्या अल्याड, रामटेकचा गड
पाठीशी निळा दिसतो त्या वळणावर
कालव्याच्या धबक्याखाली पाणचक्की उभी आहे.
उभी म्हणजे दोन भिंती, छप्पर नाही,
आणि चाक.

मी पाटबंधाऱ्याचा मोजणीदार.
फीत, खडू, नमुन्याचे चार कागद,
सोबत पंच म्हणून कोतवाल सखरू.
काम एवढंच : लाकूड किती, लोखंड किती,
लिलावाआधी लिहून न्यायचं.

व्यास साडेअकरा फूट.
आस लोखंडी, टोकाशी खाल्लेला.
पाती मोजली, एकोणीस.
पुन्हा मोजली, अठरा.
सखरू हसला. "चाकाले मुंडकं कुठं असते सायेब?
खूण करा, मंग मोजा."
तेव्हा अगदी तळाच्या पात्यावर
खडूनं लिहिलं : १.

खड्ड्यातल्या गुडघाभर पाण्यात
पार्बताबाई नगपुरे मासोळ्या चाचपत होती.
"चार नंबरचं नीट मापजा जी," ती न वळता बोलली,
"पाळण्याची फळी हाय ते. माह्या लेकाच्या."

मग मी विचारत गेलो.
सातवं, शाळेचा फळा. आतून अजून काळा.
दहावं नि अकरावं, एकाच डोंग्याचा तळ.
तेरावं कोणाचं, ते विचारू नका म्हणाली.
बाकीची सारी जंगलातली,
तिच्या सासऱ्यानं, डोमानं, रात्री तासलेली.
माझ्या कागदावर रकाना एकच.
मी अठरा वेळा लिहिलं : सागवान.

पाण्याची पाळी मंगळवारची असायची.
म्हणून बुधवारी गावभर गोड भाकर
आणि सोमवारी कडवट, पीठ शिळं.
कालवा आटला की बाया परत जात्यावर,
डोमाला शिव्या देत,
जणू धरण त्यानंच अडवलंय.
लाखोळीवर बंदी आली त्या वर्षांत
दिवसा गहू दळला जाई, दिसेल असा.
रात्री पाण्याचा आवाज तेवढाच,
वर चिमणी झाकलेली,
आणि पहाटे घरोघरी पिवळी डाळ झालेली पीठ.
"सरकारचंच पाणी, सरकारलेच चकवत होतं,"
सखरू माझ्याकडे न बघता म्हणाला.

दगडाच्या खाचेत नख घातलं.
पिवळी भुकटी आली.
चाखली नाही. पुसलीही नाही.

स्टँडावर इंजिनाची गिरणी आली
तेव्हा पहिल्या दिवशी रांगेत डोमा उभा होता,
डोक्यावर स्वतःची पायली घेऊन.
कोणी काही बोललं नाही.
दळून घेतलं, पैसे मोजून दिले,
पीठ चिमटीत धरून उन्हात पाहिलं
आणि म्हणाला, "तापते."
एवढंच. वर्षभर तेच सांगत फिरला.

कालव्यावरचं दार तेव्हापासून बंद,
कुलूप आमच्याच खात्याचं.
शेवटच्या रकान्यात, सद्यस्थिती, मी लिहिलं : अचल.
माझी सही, सखरूची सही,
पार्बताबाईचा अंगठा, मासोळीच्या वासाचा.

रात्री मुक्काम रामटेकला.
सकाळी आठवलं, फीत तिथंच राहिली.

गव्हाची पाळी सुटलेली, कालवा काठोकाठ.
फीत भिंतीवर होती, नीट गुंडाळलेली,
मी कधी गुंडाळत नाही तशी.
आणि चाकाच्या माथ्यावर,
आभाळाला टेकल्यासारखा,
अर्धा पुसलेला, ओला, माझा १.

पार्बताबाई काठावर जाळं झटकत होती.
पदराला आडवा तांबडा डाग,
गंजलेल्या दांड्याला रेटल्यावर पडतो तसा.
"रात्री वारा होता का हो फार?"
"असंन."

सहीचा कागद पिशवीत होता.
मी खडू काढला, दगडावर चढलो,
पुसलेला एक पुन्हा गिरवला.

जाताना दाराकडे पाहिलं.
कुलूप लागलेलं होतं.
उलटं.